कंपनीचं वर्षाचं पुस्तक कसं वाचायचं?

(हे बोलणं आधी रेडिओवर झालं. अनेक गटांनी लिहून मागितलं, म्हणून इथे छापत आहोत.)

सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात एक माणूस आला होता. अंगावर चांगले कपडे, बोलणं गोड, प्रत्येकीला 'ताई, ताई'. हातात गुळगुळीत कागदाचं रंगीत पुस्तक. पुस्तकात मोठ्या इमारतींचे फोटो, वर चढत जाणारे रंगीत खांब, आणि आकडे सगळे कोटीत. तो म्हणाला, "आमच्या कंपनीची वर्षाची प्रगती बघा ताई. इथे पैसे ठेवा, सहा वर्षांत दुप्पट." आमच्यातल्या काही जणींनी कापसाच्या चुकाऱ्यातले, काहींनी मुलीच्या लग्नासाठी जमवलेले पैसे दिले. एका काकूंनी शेळ्या विकून दिले. दोन वर्षांनी तो माणूस येईनासा झाला आणि फोनही लागेना. पुस्तक मात्र अजून आमच्याकडे आहे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही ते पुन्हा उघडलं. तेव्हा लक्षात आलं की त्या पुस्तकात कंपनी नेमकं काय बनवते हेच कुठे लिहिलेलं नव्हतं. विकते काय, कोणाला विकते, खर्च किती, कर्ज किती, हिशेब कोणी तपासला, काहीच नव्हतं. फोटो होते आणि खांब होते. आम्ही आपसांत म्हटलं, आपण दर आठवड्याला गटाचा हिशेब लिहितो, मग त्या दिवशी एकही प्रश्न आपण का विचारला नाही? कारण 'कंपनी' हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, ते आपलं काम नाही.

म्हणून आज एक खरी कंपनी घेऊ. ती कशी वाढली, दरवर्षी हिशेब कसा देते, नवं काय करते, ते बघू. आणि तेच प्रश्न आपल्या गटालाही विचारू.

विहिरीवरचं नाव

आपल्या भागात पूस आणि पैनगंगेच्या काठाला ऊस आणि हळद आहे, वर कापूस, सोयाबीन, तूर आहे. ओलितासाठी विहिरीवर पंप आहे. त्या पंपावर किंवा जुन्या डिझेल इंजिनवर एक नाव अनेकींनी वाचलं असेल: किर्लोस्कर. हे नाव मराठी माणसाच्या वावरात शंभर वर्षांहून जास्त काळ आहे.

या घराण्याचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातला. चित्रकला शिकायला ते मुंबईला गेले, पण त्यांना काही रंग नीट ओळखू येत नसत. मग रंग सोडून ते यंत्रांची चित्रं काढण्याकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवू लागले. नोकरीत बढती डावलली गेली, तेव्हा ती सोडली. त्याआधीच १८८८ साली भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलचं दुकान काढलेलं होतं. दुकानातून छोटा कारखाना झाला. पहिला माल होता कडबा कापायचं यंत्र, म्हणजे आपली कडबाकुट्टी. त्यानंतर लोखंडी नांगर.

आणि नांगर खपेना! कास्तकार म्हणत, लोखंडाने जमिनीला विष चढतं, जमीन नासते. पहिले मोजके नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. आज आपण हसू, पण आपण तरी काय करतो? गटाने गांडूळ खत काढलं तेव्हा पहिल्या वर्षी आपल्याच घरच्यांनी ते वावरात टाकलं नव्हतं. नवी वस्तू आधी संशयातून जाते. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही आणि शेवटी नांगर चालला.

पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळ ३२ एकर माळरान दिलं आणि कर्जाचीही मदत केली. निवडुंग माजलेलं, सापांचं ते रान. १९१० साली तिथे कामगारांची कुटुंबं आली आणि वस्ती उभी राहिली. तीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात आहे, आणि त्या स्टेशनाचं नावही किर्लोस्करवाडी आहे.

एकाच्या भरवशावर राहायचं नाही

कंपन्यांच्या भाषेत 'विविध उद्योग असलेली अभियांत्रिकी कंपनी' असा जड शब्द वापरतात. त्याचा अर्थ आपल्याला आधीपासून माहीत आहे. ज्या घरी नुसती पराटी आहे, त्या घराला बोंडअळीने एका हंगामात बसवलं. ज्या घरी पराटीत तूर आहे, दारात दोन शेळ्या आहेत, घरी शिलाई मशीन आहे, ते घर त्याच वर्षी कसंबसं तरलं.

किर्लोस्करांनी तेच केलं, पण उड्या मारत नाही, पायरीपायरीने. नांगर आणि कडबाकुट्टी झाली, मग उसाचा चरक, शेंगा फोडायचं यंत्र. नांगरलेल्या शेताला पाणी लागतं, म्हणून १९२६ साली पंप. पंप फिरवायला इंजिन किंवा मोटार लागते. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स निघाली आणि त्याच साली बंगळुरूत मोटारी बनवणारी किर्लोस्कर इलेक्ट्रिक. त्याआधी १९४१ साली हरिहरला, यंत्रं बनवणारी यंत्रं करायचा कारखाना निघाला होता. या वाढीत लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुरावांचा मोठा वाटा. ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत शिकून १९२६ साली इंजिनियर झाले होते.

यातली साखळी लक्षात घ्या. कडबा, नांगर, पाणी, इंजिन. प्रत्येक नवी वस्तू आधीच्याच गिऱ्हाइकाच्या पुढच्या गरजेतून आली. आपल्या गटांचं कुठे चुकतं? शेजारच्या गटाने मेणबत्त्या केल्या म्हणून आपणही मेणबत्त्या, कोणी फिनाईल केलं म्हणून फिनाईल. गिऱ्हाईक नवं, माल नवा, काम नवं. तीन गोष्टी एकदम नव्या असल्या की पाय घसरतो. जिला तुमची तूरडाळ आवडते, तिला उद्या बेसन द्या. चुनी तिच्याच गाईम्हशीला द्या.

आणखी एक गोष्ट. आज किर्लोस्कर नावाची एकच कंपनी नाही, अनेक आहेत, आणि प्रत्येकीचा हिशेब वेगळा. त्यामुळे नुसत्या नावावर जायचं नसतं. ओळखीचं नाव घेऊन कोणी आलं तरी आधी पूर्ण नाव विचारायचं: कोणती कंपनी, कुठे नोंदलेली?

वर्षाचं पुस्तक उघडू या

पंप बनवणाऱ्या कंपनीचं पूर्ण नाव किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड. १९२० साली ती लिमिटेड कंपनी झाली. लिमिटेड म्हणजे पैसे घालणाऱ्यांची जबाबदारी त्यांनी घातलेल्या भांडवलापुरतीच मर्यादित असलेली. ज्यांनी पैसे घातले त्यांना भागधारक म्हणतात, आणि कंपनीने दरवर्षी त्यांना हिशेब द्यायचा असतो. कंपन्यांचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते आणि सभेची सूचना २१ दिवस आधी द्यावी लागते. त्यासोबत जे पुस्तक येतं, तो वार्षिक अहवाल.

त्यात आपण पाच गोष्टी शोधायच्या.

पहिली गोष्ट, विक्री आणि नफा वेगवेगळे बघायचे. वर्षभरात किती रुपयांचा माल विकला, ती उलाढाल. त्यातून सगळा खर्च, व्याज, घसारा, कर गेल्यावर उरतो तो निव्वळ नफा. किर्लोस्कर ब्रदर्सची, तिच्या हाताखालच्या कंपन्या धरून, २०२२-२३ ची उलाढाल सुमारे ३,७०० कोटी रुपये होती आणि नफा सुमारे २३५ कोटी. पुढच्या वर्षी, २०२३-२४ मध्ये, उलाढाल सुमारे ४,००० कोटी आणि नफा सुमारे ३५० कोटी. आता आकडा कोटीत आहे म्हणून घाबरू नका. शंभर रुपयांवर आणा. आधीच्या वर्षी शंभर रुपयांच्या विक्रीत साधारण सव्वासहा रुपये उरले, पुढच्या वर्षी पावणेनऊ. म्हणजे विक्री थोडी वाढली, उरणं बरंच वाढलं. आणि बघा, एवढी जुनी, मोठी कंपनीसुद्धा शंभर रुपयांत नऊ-एक रुपये राखते. मग घरी येऊन "सहा वर्षांत दुप्पट, खात्रीने" असं सांगणारा ते पैसे कुठून आणणार होता? हा प्रश्न तेव्हा सुचला असता तर काकूंच्या शेळ्या वाचल्या असत्या.

दुसरी गोष्ट, देणं किती आणि येणं किती. कर्ज घेणं वाईट नाही, गटही बँकेचं कर्ज घेतो. कर्जातून काय उभं राहिलं आणि हप्ता वेळेवर जातो का, हे बघायचं. तसंच उधारी. माल गेला पण पैसा आला नाही, तर वहीत नफा दिसतो आणि डब्यात पैसा नसतो. दिवाळीचा फराळ उधार देणाऱ्या गटांना हे वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट, हातात पुढचं काम किती. मोठे पंप आधी मागणी नोंदवून बनतात. सिंचन योजना, वीज केंद्र, शहराचं पाणी, अशा कामांच्या ऑर्डरी हातात असतात. त्यावरून येतं वर्ष कसं जाईल याचा अंदाज येतो. आपल्याकडे अंगणवाडीची, शाळेची, लग्नघरची मागणी लिहून ठेवलेली आहे का?

चौथी गोष्ट, हिशेब कोणी तपासला. कंपनीच्या बाहेरचा सनदी लेखापाल हिशेब तपासून सही करतो. त्याला शंका असेल तर तीही अहवालात छापावी लागते. आमच्याकडच्या त्या रंगीत पुस्तकात अशी सहीच नव्हती.

पाचवी गोष्ट, यंदा नवं काय केलं. संचालक मंडळाच्या अहवालात कंपनीने वीज-इंधन कसं वाचवलं आणि कोणतं नवं तंत्र आणलं, हे कायद्यानेच लिहावं लागतं. पुस्तकातला हा सगळ्यात वाचनीय भाग असतो, म्हणून त्यावर थोडं थांबू.

नवं म्हणजे काय?

नवं म्हणजे अवकाशात जाणारी वस्तूच असं नाही. त्याच विजेत जास्त पाणी उचलणारा पंप, हेही नवंच. जोर कमी पडला की मोटार जळते, हे आपल्याला माहीत आहे. व्होल्टेज खालीवर झालं तरी तग धरणारा पंप निघाला की कास्तकाराचे रिवाइंडिंगचे पैसे वाचतात. आता पंप सौरऊर्जेवर आले. राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचे १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे असतात. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्तीचा, पाच एकरापर्यंत ५ चा आणि त्याहून जास्त जमिनीला साडेसातचा पंप. सातबारावर तुमचं नाव असेल तर अर्ज तुमच्याही नावाने होतो, हे विसरू नका.

मोठ्या पंपांचंही एक उदाहरण. २०१८ साली थायलंडमध्ये फुटबॉल खेळणारी १२ पोरं आणि त्यांचा शिक्षक पावसाच्या पाण्याने भरलेल्या गुहेत अडकले होते. सगळं जग टीव्हीसमोर होतं. गुहेतलं पाणी उपसायला किर्लोस्कर ब्रदर्सची तज्ज्ञ मंडळी तिथे मदतीला गेली होती, आणि किर्लोस्करवाडीत चार खास पंप पाठवायला तयार ठेवले होते. सगळी पोरं आणि शिक्षक जिवंत बाहेर आले. बाहेर काढलं ते पाणबुड्यांनी, पण पाणी उपसणाऱ्यांनी त्यांची वाट सोपी केली.

आणि आता आपल्या मनातली गोष्ट. तमिळनाडूत कोईमतूरजवळ कणियूर इथे याच कंपनीचा एक कारखाना आहे. तिथे छोटे घरगुती पंप बनतात, आणि ते बनवतात बायका. जोडणी, तपासणी, सगळं त्यांच्याच हाती. यंत्रकाम बायकांना जमत नाही असं म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे. आपल्या गटातल्या किती जणींना विहिरीवरचा स्टार्टर उघडून फ्यूज बदलता येतो? हात वर करा. आमच्यातही दोघींनीच केला.

कंपन्यांच्या अहवालात बायकांच्या कामाचं आणखी काही असतं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक महिला असावी लागते. कामाच्या ठिकाणी छळाच्या किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, तेही सांगावं लागतं. शिवाय ज्या कंपनीचा वर्षाचा नफा ५ कोटी किंवा जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करायचे असतात. शाळेला वॉटर फिल्टर देणारी कंपनी उपकार करत नसते, हिशेबातला वाटा देत असते.

नांगराच्या कारखान्यातून 'स्त्री'

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. किर्लोस्करवाडीत काय चाललंय हे गिऱ्हाइकांपर्यंत पोचावं म्हणून लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचं छोटं पत्रक काढलं. पत्रकाचं मासिक झालं, 'किर्लोस्कर'. त्याच घरातून १९३० साली बायकांसाठी मासिक निघालं, 'स्त्री'. शिक्षण, लग्न, विधवांचं जिणं, बायकांची कमाई, यावर त्यात बायका लिहू लागल्या. नांगर-पंपाच्या कारखान्याच्या आवारातून महाराष्ट्रातल्या बायकांच्या हाती लेखणी आली. तुम्ही आज हे मासिक वाचताय, त्या वाटेवर पहिली पावलं उमटवणाऱ्यांत 'स्त्री' होतं. काय चाललंय ते लोकांना सांगत राहिलं की विश्वास वाढतो, एवढं त्या खबरेने शिकवलं.

आता आपली वही

कंपनीला विचारलेले प्रश्न आता गटाला विचारू. एक हिशेब सगळ्या मिळून मांडा.

समजा, गटाने ७,००० रुपये भावाने १० क्विंटल तूर घेतली: ७०,००० रुपये. डाळ झाली ७ क्विंटल. ती १३० रुपये किलोने विकली: ९१,०००. चुनी २ क्विंटल, २० रुपये किलोने: ४,०००. एकूण आले ९५,०००. आपण काय म्हणतो? "गटाने पंचाण्णव हजार कमावले!" तसं बातमीतही छापून येतं. थांबा. तूर ७०,००० ची. वीज आणि दुरुस्ती ४,०००, पिशव्या ३,५००, गाडीभाडं २,५००, कर्जाचं व्याज ३,०००, हे १३,०००. उरले १२,०००. आता आपण म्हणतो, "बारा हजार नफा." पुन्हा थांबा. दहा जणी सहा-सहा दिवस राबल्या. साठ दिवसांची मजुरी, २०० रुपयांनी, १२,०००. उरलं शून्य.

आमच्या गटात हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा शांतता पसरली. एक वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आपण नफा वाटून घेतला असं समजत होतो, ती आपलीच मजुरी होती." अगदी बरोबर. आणि अजून एक खर्च उरलाच. डाळीचं यंत्र ६०,००० चं, दहा वर्षं चालणार. म्हणजे दरवर्षी ६,००० रुपयांची त्याची झीज. कंपन्या याला घसारा म्हणतात आणि नफा सांगण्याआधी तो वजा करतात. आपण वजा करत नाही, म्हणून यंत्र बंद पडलं की नवं घ्यायला पैसा नसतो आणि शेडला कुलूप लागतं.

हे ऐकून धंदा बंद करू नका. हिशेब दिसला की उपायही दिसतो. आम्ही तूर हंगामात थेट वावरातून घ्यायचं ठरवलं, पिशव्या एकदम घेतल्या, आणि मजुरी आधी खर्चात लिहायला लागलो. मग जे उरतं त्यालाच नफा म्हणतो.

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब लेखन. वर्षातून एकदा, एप्रिलच्या पहिल्या बैठकीत, त्यावर एक पान आणखी लिहा. विकलं किती? सगळा खर्च, मजुरी आणि झीज धरून, उरलं किती? देणं आणि उधारी किती? पुढची मागणी कोणाची? यंदा नवं काय शिकलो? वही बाहेरच्या कोणी तपासली? हे पान ग्रामसंघाच्या सभेत मोठ्याने वाचा. ज्या काकूंना वाचता येत नाही, त्यांनाही आकडा ऐकायचा हक्क आहे.

पुन्हा कोणी पुस्तक घेऊन आलं तर

तो येणार. कपडे वेगळे असतील, आता मोबाईलमधलं ॲपही दाखवेल. त्याला ओट्यावर बसवा, पाणी द्या, आणि विचारा: कंपनी बनवते काय? गेल्या वर्षी विकलं किती, उरलं किती? हिशेबावर सही कोणाची? लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी कोणाची? कंपनी नोंदलेली आहे, एवढं उत्तर पुरेसं नाही. नोंदणी वेगळी आणि ठेवी घ्यायची परवानगी वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर कोणाला ठेवी घ्यायची मुभा आहे ते बघता येतं आणि तक्रारही करता येते. परवानगीशिवाय ठेवी गोळा करण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. ज्या पोरीला इंटरनेट वापरता येतं तिला बसवा आणि तिथेच बघायला लावा. खरा माणूस थांबेल. खोटा म्हणेल, "ताई, आज शेवटची तारीख आहे."

त्या काकूंना आम्ही हे बोलणं आधी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझ्या शेळ्यांचं सांगा, लाजू नका. दुसरीच्या तरी वाचतील." म्हणून सांगितलं. काकूंनी पुन्हा दोन पाटी घेतल्या आहेत, गटाच्या कर्जातून, आणि हप्ता चुकलेला नाही.

येत्या बैठकीत आपल्या गटाचं ते एक पान लिहा आणि रेडिओवर वाचायला आमच्याकडे पाठवा. ज्या गटाला तोटा झाला असेल, त्यांनी आधी पाठवा. त्यांचंच पान सगळ्यांच्या जास्त कामाचं आहे.